पाठीवरची झिप

ट्रेगरांच्या बोटीवर पाठीवरच्या झिपबद्दल विचारायची सोय नव्हती. गार पाण्यात बुडी मारताना घालायच्या ड्रायसूटची ही झिप या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत आडवी जाते. आपला हात तिथे पोचत नाही, जाड हातमोजे चढवल्यावर तर नाहीच नाही. म्हणून ती लावायला दुसरं माणूस लागतं. त्याने ती शेवटपर्यंत ओढायची, पाठीवर दोन चापट्या मारायच्या आणि म्हणायचं, "बंद." ज्याच्या पाठीवर चापट्या पडल्या त्याने मुकाट पाण्यात उतरायचं. "नक्की ना?" असं विचारणं म्हणजे लावणाऱ्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. एकदा होबार्टहून आलेल्या एका कामगाराने मालकिणीला, म्हणजे नोलीन ट्रेगरला, दोनदा विचारलं, "झाली ना नीट?" नोलीनने त्याची पिशवी धक्क्यावर भिरकावली, त्याला मागोमाग उतरवलं आणि बोट सोडली. त्याचे बूट बोटीवरच राहिले होते. ते तिने पुढच्या खेपेला समुद्रात टाकले.

अशा बाईची सून होऊन टेगन केर्न्सहून टास्मानियात आली. केर्न्सचा समुद्र म्हणजे न्हाणीघरातलं कोमट पाणी. तिथे अंगाला चिकटणारा पातळ सूट घालून टेगन वर्षानुवर्षं पर्यटकांना प्रवाळ दाखवत होती. जमिनीवर तिला कशातच गती नव्हती. शाळा अर्धवट सुटली, दुकानात उभी राहिली तर हिशेब चुकायचा, स्वयंपाकाला लागली तर भांडं करपायचं. पाण्यात मात्र तिला नाव ठेवायची कुणाची हिंमत झाली नव्हती. तिकडे बोटीवर कामाला आलेल्या ब्रेंट ट्रेगरने तिला पाण्यातच बघितलं, पाण्यातच पसंत केलं, आणि लग्न करून थेट आईच्या दारात आणून उभी केली.

"ही?" नोलीनने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अरे, ही तर केळेवाली."

केर्न्स ज्या केळी पिकवणाऱ्या क्वीन्सलँडमध्ये आहे, तिकडच्या माणसाला इकडे सगळेच केळेवाला म्हणतात, हसतात आणि बिअर पुढे करतात. नोलीनने म्हटलं तेव्हा कुणी हसलं नाही आणि बिअरही पुढे आली नाही.

नोलीनचे गुडघे गेले होते. वसंत लागला की इथल्या केल्पच्या, म्हणजे उंच समुद्री शेवाळाच्या रानात सी-ड्रॅगन माशांचे नर शेपटीला गुलाबी अंडी चिकटवून फिरू लागतात, आणि त्यांचे फोटो काढायला मेलबर्नपासून जपानपर्यंतची गिऱ्हाइकं येतात. त्यांना खाली घेऊन जायला आता तरुण माणूस हवं होतं. ब्रेंटला लहानपणी कानाचं दुखणं झालेलं, तो पाण्याखाली जाऊ शकत नव्हता, बोट चालवायचा. मग सून होती की घरात! पण नोलीनने जेवणाच्या टेबलावर सांगून टाकलं, "माझ्या पाण्यात माझ्या परीक्षेशिवाय कुणी उतरायचं नाही. सी-ड्रॅगन अंड्यावर यायच्या आत हिला ड्रायसूट जमला तर जमला. नाहीतर होबार्टची एक पोरगी सांगून ठेवलीय मी. ही बसेल शेडमध्ये सिलिंडर भरत."

"आई, अगं, हिने तिकडे किती वर्षं..."

"तिकडे बदकंही पोहतात."

ब्रेंट बटाटे वाढून घेऊ लागला. टेगनला मात्र जेवण सुचेना. शेडमध्ये सिलिंडर भरायचे, म्हणजे आयुष्यभर काठावरून बघायचं. पाणी गेलं तर तिच्याकडे दुसरं होतं काय?

शिकवणी सुरू झाली ती कात्रीने. ड्रायसूटला गळ्याशी घट्ट रबरी पट्टी असते, तिच्यामुळे पाणी बाहेर आणि माणूस आत कोरडा राहतो. पट्टीखाली चार केस अडकले तरी पाणी झिरपतं. टेगनचे केस कमरेपर्यंत होते. ती त्यांचा अंबाडा बांधून, वर टोपी चढवून तयार होऊन आली. नोलीनने टोपी काढली, मानेवरून बोट फिरवलं, आणि रबर कापायची कात्री उचलली.

"अहो, मी बांधलेत ना नीट! पिना लावल्यात!"

"लावल्यास खऱ्या. वाकडी मान करू नको, कानाला लागेल."

मानेवरचे केस गेले. मग नोलीनला उरलेले विचित्र दिसू लागले, म्हणून तेही गेले. शेवटी कानाच्या वर येईल एवढं काहीतरी डोक्यावर राहिलं. शेडच्या जमिनीवर पडलेले केस नोलीनने झाडूने पाण्यात लोटले. "चला, खेकड्यांना गादी झाली," ती म्हणाली. मग तिने टेगनच्या हातात म्हाताऱ्यांचा लंगोट ठेवला. "आणि हा घाल. गार पाण्यात दर घटकेला लागते. माझ्या सूटमध्ये मुतलीस तर जिभेने पुसायला लावीन." दारात उभ्या ब्रेंटला हसू आवरेना. टेगनने ते बघितलं आणि मनात जपून ठेवलं.

कोमट पाण्यातला माणूस श्वासावर तरंगतो. छाती भरली की वर, सोडली की खाली. ड्रायसूटमध्ये ही सगळी विद्या उपयोगाची नाही. सूटमध्ये हवा भरावी लागते, नाहीतर खोल पाण्यात तो अंगाला जागोजागी चिमटे काढतो. आणि ती हवा सूटमध्ये फिरते. डोकं खाली गेलं की सगळी हवा पायांत जाते, पाय फुग्यासारखे फुगतात, आणि माणूस उलटा लटकून सुसाट वर निघतो. टेगनला सवय होती मासा बघितला की डोकं खाली घालायची. पहिल्याच दिवशी तिने डोकं खाली घातलं, आणि धक्क्यावर मासे साफ करत बसलेल्या अख्ख्या वस्तीने पाण्यातून वर आलेले तिचे दोन पाय बघितले.

"बदक उलटलं ग!" नोलीन धक्क्यावरून ओरडली. "पाय हलव, पाय! सगळ्यांना टाटा कर!"

मासे साफ करणारे हसून हसून लोळले. टेगन अकरा अंशाच्या पाण्यात उलटी लटकून हात मारत होती. नोलीनने तिला सोडवायची घाई केली नाही. आधी सिगारेट संपवली, मग आकड्याने पायाला धरून काठावर ओढून आणली. हे पुढे रोजचंच झालं. वस्तीतली माणसं कॉफी घेऊन यायला लागली. टेगनच्या मांड्यांवर आणि काखेत सूटच्या चिमट्यांचे जांभळे वळ उठले. बोटं इतकी बधिर व्हायची की चमचा धरता यायचा नाही, आणि जेवताना तो ताटात पडला की नोलीन म्हणायची, "बाळाला भरवा कुणीतरी."

ब्रेंट वळांना मलम लावून द्यायचा आणि म्हणायचा, "आईचं तसंच असतं. मनात काही नसतं तिच्या."

"मनात नसतं, मग कुठे असतं ते सांग ना."

"जाऊ दे ना, टेग."

घरात माणूस म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे सासरा क्लॅरी. त्याला सगळी वस्ती पॉप म्हणायची, टेगनही म्हणायची. लग्न झाल्यापासून नोलीनची झिप त्याने लावली होती, आणि त्याची नोलीनने. दुसऱ्या कुणाचा हात त्या झिपेला लागलेला नव्हता. पॉप आता पाण्यात उतरत नव्हता, पण बोटीवर रोज असायचा. दोरी गुंडाळायचा, सूप गरम करायचा आणि नोलीनची झिप लावायचा.

नोलीन गावात सामान आणायला गेली की पॉप टेगनला हळूच धक्क्याच्या मागच्या बाजूला न्यायचा. तिचे गारठलेले हात स्वतःच्या लोकरी स्वेटरच्या आत धरून ठेवायचा. "हे बघ पोरी, पाय उचलले गेले की घाबरायचं नाही. गुडघे पोटाशी घ्यायचे आणि कोलांटी मारायची. डोकं वर आलं की डावा दंड उचलायचा. हवा सोडायची झडप तिथे आहे ना? मग झालं! हवा आपली आपण निघून जाते. नोलीनला मीच शिकवलं हे."

"त्यांना पण जमत नव्हतं?"

"छे! पहिल्या दिवशी रडली होती. सांगू नकोस हं मी सांगितलं म्हणून. जीव घेईल माझा." आणि म्हातारा खूश होऊन हसायचा.

पॉपच्या हाताखाली टेगनला जमायला लागलं. कोलांटी जमली, दंड उचलणं जमलं, अंगातली हवा कुठे आहे ते झोपेतही कळायला लागलं. एक दिवस मात्र ती धक्क्याच्या मागे पाण्यात उतरली आणि पाठीतून बर्फाची सुरी फिरल्यासारखी झाली. ती कशीबशी शिडी धरून वर आली. झिप अर्ध्यावरच होती. पॉपने दोन चापट्या मारल्या होत्या, "बंद" म्हटलं होतं, आणि झिप अर्धी उघडी होती.

पॉप तिच्या पाठीकडे बघतच राहिला. "मी लावली होती," तो म्हणाला. "लावली होती ग मी. आवाज आला होता मला." मग त्याने इकडे तिकडे बघितलं आणि तिचे दोन्ही हात धरले. "नोलीनला सांगू नकोस. पाया पडतो तुझ्या. मागे माझ्या हातून गॅस चालू राहिला तेव्हापासून ती माझ्याकडे कशी बघते ते ठाऊक नाही तुला. बोटीवरून उतरवेल मला. मी जमिनीवर काय करू, पोरी? खुर्चीत बसून मरू?"

टेगन थडथड कापत होती, पण तिला त्याची दया आली. "नाही सांगणार, पॉप. शप्पथ."

"माझी गुणाची ती!" म्हाताऱ्याने तिच्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. टेगनलाही भरून आलं. या घरात आल्यापासून तिला कुणी गुणाची म्हटलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी वारा दक्षिणेचा होता आणि आकाश शिशासारखं झालं होतं. बोट चर्च नावाच्या कपारीपाशी थांबवली. तिथे तळ बराच खोल आहे, आणि केल्प तळापासून वरपर्यंत उभं असतं. ब्रेंटने नांगर टाकला. नोलीन सूटमध्ये शिरली आणि मनगटाच्या रबराला पावडर लावता लावता तिने टेगनची शेवटची खरडपट्टी सुरू केली.

"ऐकून ठेव, केळेवाली. आज पाय वर गेले तर सोमवारपासून होबार्टची पोरगी येतेय. तिला तुमची मागची खोली द्यायची आहे, तुम्ही शेडच्या माळ्यावर झोपा. तुझा तो पातळ सूट मी केल्प गोळा करायला पिशवी म्हणून वापरणार. आणि रडायचं असेल तर मास्क काढून रड. मास्क मला भाड्याने द्यायचे असतात."

"आई, बास ना आता," ब्रेंट म्हणाला.

"तुला कुणी विचारलं? तू इंजिनाकडे बघ." नोलीनने नवऱ्याकडे पाठ केली आणि केबिनकडे तोंड करून उभी राहिली. "लाव रे."

पॉप आला. त्याने झिप धरली, ओढली. मध्येच एक पांढरा समुद्रपक्षी खाली झेपावला, तिकडे त्याचं लक्ष गेलं. "आलाय बघ तो," तो म्हणाला, हसला, पाठीवर दोन चापट्या मारल्या. "बंद."

टेगन मागेच उभी होती. झिप शेवटपर्यंत गेलेली नव्हती. उजव्या खांद्याजवळ दोन बोटं मावतील एवढं तोंड उघडं होतं आणि त्यातून आतल्या लोकरीचा लाल रंग दिसत होता.

सांगायचं तिच्या मनात आलं, खोटं कशाला बोला. तिने तोंड उघडलंही. "नोलीन, तुमची..."

"तोंड मिट!" नोलीन खेकसली. "बोलायची परीक्षा नाहीये. जे काय आहे ते पाण्यात दाखव."

टेगनने तोंड मिटलं. आणि मिटल्यावर तिला फार बरं वाटलं. केस गेल्यापासून जे बरं वाटलं नव्हतं, ते एका क्षणात वाटलं. आज्ञा झाली होती ना? मग आज्ञा पाळायची. तिने पॉपकडे पाठ केली. तिची झिप त्याने नीट लावली, ती तिला शेवटच्या खटक्यापर्यंत जाणवली. "बंद," पॉप म्हणाला आणि हळूच तिच्या कानाशी पुटपुटला, "गुडघे पोटाशी हं."

दोघी खाली निघाल्या. माणूसभर खोल गेल्यावरच नोलीनच्या अंगाला झटका बसलेला टेगनने बघितला. पाठीत पाणी शिरलं होतं. नोलीन थांबली. तिने मान वळवून वर, बोटीच्या काळ्या तळाकडे बघितलं. तेव्हाच वर गेली असती तर चहाच्या पेल्यावर सगळं मिटलं असतं. पण वर जायचं म्हणजे ब्रेंटसमोर, केळेवालीसमोर कबूल करायचं की क्लॅरीने झिप उघडी ठेवली. क्लॅरीचं डोकं चाललं नाही, हे आपल्या तोंडाने सांगायचं. नोलीन ट्रेगर ते सांगणारी नव्हती. तिने अंगठा खाली केला आणि ती खोल निघाली. टेगन तिच्या वर राहून मागोमाग गेली. नोलीनच्या उजव्या खांद्यावरून चांदीच्या मण्यांसारखे बुडबुडे निघत होते. सूटमध्ये सोडलेली हवा तिथून पळून जात होती आणि तिच्या जागी पाणी शिरत होतं.

तळाला पोचल्यावर नोलीनने परीक्षा घेतली. काहीही सोडलं नाही बयेने. मास्क काढायला लावला, श्वासाची नळी काढायला लावली, मग टेगनचे घोटे धरून तिला उलटी केली आणि तिच्या सूटचं हवेचं बटण दाबून धरलं. टेगनचे पाय फुगले. तिने गुडघे पोटाशी घेतले, कोलांटी मारली, डावा दंड उचलला. हवा सुळकन निघून गेली. ती होती तिथेच, वीतभरही न हलता उभी राहिली. इतकं सुरेख तिला केर्न्सलाही कधी जमलं नव्हतं.

मग नोलीनने वर जायची खूण करायची होती. नोलीनने केली नाही. ती केल्पच्या देठाला मिठी मारून गुडघ्यावर बसली होती. वर तरंगायला घालतात त्या जॅकेटच्या हवेचं बटण चाचपत होती, पण बोटं दगड झाली होती, अंगठा बटणावरून घसरत होता. मास्कमागचे डोळे मोठे झाले होते.

टेगन समोर बसली. तिला दिसत होतं सगळं. एक खूण हवी होती फक्त, मदत माग, हात पुढे कर. तिने नोलीनच्या डोळ्यांत बघितलं आणि वाट बघत राहिली. तुझी सिगारेट संपेपर्यंत मी उलटी लटकले होते ना? मग बस. नोलीनने हात पुढे केला नाही. तिची मान हळूहळू छातीवर आली, श्वासाचे बुडबुडे विरळ झाले, तोंडातली नळी सैल झाली. तेव्हा कुठे टेगन उठली.

तिने सासूला मागून धरलं, नळी तिच्या ओठांवर दाबून ठेवली, तिच्या जॅकेटमध्ये हवा भरली, आणि डावा दंड उचलून स्वतःची हवा सोडत सोडत तिला सावकाश, बेताने वर आणलं. कुठे घाई नाही, कुठे चूक नाही. पुस्तकात फोटो छापावा असं काम केलं पोरीने.

वर आल्यावर नोलीनला शिडी चढवेना. सूटमध्ये पिंपभर पाणी होतं. ब्रेंट आणि पॉपने ओढून ओढून तिला काठावर आणलं, तरी ती आत येईना. शेवटी ब्रेंटने सुरी घेऊन सूटचे दोन्ही पाय घोट्याशी फाडले. पाणी धबाधबा बाहेर आलं, मग ती बोटीत येऊन पडली. ओठ निळे पडलेले, दात वाजतायत. पॉपने स्वतःचं स्वेटर काढून तिच्यावर टाकलं, तिचे पाय छातीशी धरले. "नोल, नोल, काय झालं ग?" असं तो सारखा विचारत होता.

बऱ्याच वेळाने नोलीनला वाचा फुटली. "क्लॅरी," ती म्हणाली. "झिप."

पॉपने तिला कुशीवर केलं आणि बघितलं. ब्रेंटनेही बघितलं.

"मी लावली होती," पॉप म्हणाला. "शेवटपर्यंत लावली. ब्रेंट, देवाशप्पथ लावली रे. आपोआप सरकली असेल. जुनी आहे ना? सरकते जुनी झिप." मग तो टेगनकडे वळला. त्याच्या अंगात नुसती बंडी होती. "पोरी, तू मागेच होतीस. तू बघितलं असशील. बंद होती ना? सांग ना यांना."

सगळे टेगनकडे बघू लागले. नोलीनसुद्धा पडल्या जागेवरून बघत होती.

टेगनने म्हटलं असतं, हो, बंद होती, झिपच खराब झाली असेल, तर काय गेलं असतं हो तिचं? नवी झिप आली असती. पॉप बोटीवर राहिला असता. पण मग ब्रेंटने झिप तपासली असती, ती चांगली निघाली असती, आणि प्रश्न आला असता की मागे उभं राहून हिने बघितलं काय. तिला आत्ता, या घटकेला, पाणी मिळालं होतं. ते हातातून जाऊ द्यायची तिची तयारी नव्हती.

"मी नाही बघितलं, पॉप," ती म्हणाली. आणि तेवढ्यावर थांबली नाही. "पण मागे माझीही तुम्ही अर्धीच लावली होती. धक्क्याच्या मागे. तेव्हा म्हणालात, सांगू नकोस."

पॉप तिच्याकडे नुसता बघत राहिला, ओळखीचं माणूस अनोळखी निघावं तसा. मग खाली बसला आणि दोरी गुंडाळू लागला. ती आधीच गुंडाळलेली होती.

"ब्रेंट," नोलीन कापत कापत म्हणाली, "बापाला उद्यापासून बोटीवर घ्यायचं नाही."

"आई, पण ते..."

"नाही म्हणजे नाही."

तिने तोंड बाजूला फिरवलं. ती रडत होती की खाऱ्या पाण्याने डोळे लाल झाले होते, ते टेगनला कळलं नाही, आणि तिने कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. बोट धक्क्याला लागेपर्यंत पॉप दोरी सोडत होता आणि पुन्हा गुंडाळत होता.

वसंत आला. सी-ड्रॅगन अंड्यावर आले, गिऱ्हाइकं आली. होबार्टच्या पोरीला नाही म्हणून कळवलं. टेगन बोटीवरची मुख्य डायव्हर झाली. वस्तीतली माणसं तिला हात करू लागली, नोलीनने तिच्या ताटात स्वतःच्या हाताने भाजलेलं मटण वाढलं. पॉपसाठी धक्क्यावर खुर्ची ठेवली होती. तो सकाळी तिथे येऊन बसायचा, बोट निघाली की उठून उभा राहायचा, ब्रेंट म्हणायचा, "बसा पॉप," मग बसायचा. टेगन त्याच्यासमोरून जाताना सिलिंडर बघत जायची. एकदा तो तिला म्हणाला, "हात गार पडतात का ग अजून?" तिने ऐकलं न ऐकलंसं केलं.

पहिल्या मोठ्या खेपेला नोलीनही उतरणार होती. नवा सूट आणला होता. बोटीवर मेलबर्नची गिऱ्हाइकं कॅमेरे पुसत बसली होती. नोलीन टेगनपुढे येऊन उभी राहिली आणि तिने पाठ केली.

"लाव."

क्लॅरीशिवाय कुणाचा हात त्या पाठीला लागला नव्हता. ब्रेंट इंजिन सोडून बघायला लागला. टेगनच्या छातीत अभिमान दाटला. तिने झिप धरली, शेवटच्या खटक्यापर्यंत ओढली, बोटाने चाचपून बघितली, दोन चापट्या मारल्या. "बंद."

"आता तू फीर," नोलीन म्हणाली.

टेगन फिरली. समोर केबिनची काच होती. तिच्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला, कानाच्या वर केस, आणि खांद्यामागे नोलीनचा चेहरा. नोलीन झिपेकडे बघत नव्हती. काचेतून टेगनच्या डोळ्यांत बघत होती. झिपेचा आवाज आला. तो या खांद्याकडून त्या खांद्याकडे गेला. पूर्ण गेला की नाही, ते इंजिनाच्या आवाजात कळलं नाही.

"परीक्षेच्या दिवशी मी इथेच उभी होते," नोलीन तिच्या कानाशी, अगदी मायेने म्हणाली. "याच काचेत तू दिसत होतीस मला. माझ्या पाठीकडे बघत होतीस. तोंड उघडलंस आणि मिटलंस."

"तुम्ही म्हणालात म्हणून मिटलं," टेगन पुटपुटली.

"हो ना. शहाणी आहेस. या घरात शोभतेस." पाठीवर एक चापटी पडली. मग दुसरी पडली. "बंद."

टेगनने हात मागे नेला. जाड हातमोज्यातली बोटं खांद्यापर्यंतही पोचली नाहीत. तिने ब्रेंटकडे बघितलं, तर तो नांगराची साखळी सोडत होता. तिने लांब धक्क्याकडे बघितलं. तिथे खुर्ची दिसत होती, खुर्चीतला म्हातारा दिसत होता. त्याने कधी खोटं "बंद" म्हटलं नव्हतं. विसरला होता, पण खोटं म्हटलं नव्हतं.

"काय ग?" नोलीन मोठ्याने, सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "काही विचारायचंय का?"

गिऱ्हाइकं मान वर करून बघू लागली. बोट हलत होती, पाणी काळंशार होतं.

"नाही," टेगन म्हणाली. तिने मास्क हाताने धरला आणि पुढे पाऊल टाकलं.